हाइतची तीन कडवी

रिन्स्के आत आली तेव्हा खुर्च्यांचा गोल मांडून तयार होता. आल्ट्येच्या बैठकीच्या खोलीत चौदा खुर्च्या भिंतींना पाठ लावून उभ्या होत्या आणि माणसं होती जेमतेम चार. शेजारीपाजारी आणि चर्चमधल्या बायका संध्याकाळी यायच्या होत्या, दुपार घरच्यांची. पण माणसं कमी म्हणून खुर्च्या जवळ ओढायच्या, असला पोरकटपणा तोल्स्मा घराण्यात कोणी कधी केला नव्हता. गेर्बेन रेडिएटरजवळ, त्याची बायको वीप खिडकीत, आल्ट्येचा मुलगा डर्क दाराशी, आणि उत्सवमूर्ती आल्ट्ये घड्याळाखाली. मधे रिकाम्या खुर्च्यांचं मैदान. बोलायचं ते ओरडूनच.

"एक्क्याऐंशी! अभिनंदन, आल्ट्ये," रिन्स्के म्हणाली आणि थोरल्या बहिणीच्या गालांना तीनदा गाल लावला. मग ती रीतीप्रमाणे पुढे निघाली.

"बहिणीबद्दल अभिनंदन, गेर्बेन."

"तुझंही, बहिणीबद्दल."

"नणंदेबद्दल अभिनंदन, वीप."

"बहिणीबद्दल तुझंही गं."

"मेमबद्दल अभिनंदन, डर्क." आईला त्या घरात मेम म्हणत.

"मावशी, तुमचंही."

एवढं होईपर्यंत तिच्या खांद्यावरची जड पिशवी दोनदा घसरली आणि एकदा डर्कच्या गुडघ्याला लागली.

"काय आणलंयस? जिवंत आहे का?" गेर्बेननं विचारलं.

"प्लेअर आहे. रेकॉर्ड वाजवायचा."

"अरे देवा," गेर्बेन म्हणाला, आणि वीपनं त्याच्याकडे डोळे वटारले.

रिन्स्केला ते वटारणं पाहून धीर आला. वीप तिच्या बाजूची होती. तसं तिनं मंगळवारी फोनवर कबूल केलं होतं: "मी तुझ्याबरोबर आहे, फक्त गेर्बेनला सांगू नकोस." गेर्बेन बुधवारी आल्ट्येला म्हणाला होता की तो तिच्याबरोबर आहे, हेही वीपनंच सांगितलं होतं. डर्क कायम आईच्या पदराला. म्हणजे दोघी विरुद्ध तिघं. आणि सह्या हव्या होत्या चौघांच्याही.

पिशवीत प्लेअरखाली चार कागद होते. रिन्स्के चौऱ्याहत्तर वर्षांची होती. बर्लिनच्या सभागृहात ओल्या हातमोज्यानं चेलो घासताना अर्धे श्रोते उठून गेले, तेव्हा तिची पापणीही लवली नव्हती. पण आल्ट्ये चष्म्याच्या वरून बघायला लागली की ती अजूनही हात पाठीमागे लपवायची. अकरा वर्षांनी तिची नवी रेकॉर्ड तयार झाली होती. तिच्यात नऊ तुकडे होते आणि एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नव्हता: तळ्यावरचं तडकणारं बर्फ, काचेचे पेले, हातमोज्यानं घासलेला चेलो, ट्यूबा नावाचे तीन पितळी भोंगे, शिवणयंत्र, आणि घरच्या माणसांचे आवाज. शेवटी हाइत, म्हणजे तिचे वडील. अँटवर्पच्या प्रकाशकानं स्पष्ट कळवलं होतं, ज्यांचे आवाज आहेत त्यांची परवानगी सोमवारपर्यंत हवी, आणि वडिलांसाठी तिन्ही भावंडांची. नाहीतर रेकॉर्ड निघणार नाही. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोय रिन्स्केला नव्हती. डावा कान गेल्या हिवाळ्यात गेला होता. उजव्याला डॉक्टरांनी वर्षभराची मुदत दिली होती. ही तिची शेवटचीच.

आज शनिवार होता.

पण दुसऱ्या कॉफीच्या आधी गोलात कामाचं बोलायचं नाही, हा नियम. पहिल्या कॉफीबरोबर केक. मग हवा, रस्त्याचं काम, कोण वारलं. मग दुसरी कॉफी, बरोबर एक बिस्किट, आणि लगेच डब्याचं झाकण बंद. नमनाला घडाभर तेल, पण ते जाळल्याशिवाय नाटक सुरू होत नाही. रिन्स्केनं गुलाबी साखरेच्या थराचा केक नेटानं संपवला, तीन मयतांची चौकशी केली आणि झाकण लागल्याचा टक्क आवाज उजव्या कानानं टिपताच म्हणाली, "मला तुम्हाला काहीतरी ऐकवायचंय."

"किती वेळ?" आल्ट्येनं विचारलं.

"चाळीस मिनिटं."

"सलग?"

"मेमनी आधी ऐकून घ्यावं," डर्क म्हणाला, "मग नाही म्हणावं." तो नगरपालिकेत आवाजाच्या तक्रारींच्या विभागात होता आणि नाही म्हणण्याची पद्धत त्याला नीट ठाऊक होती.

नमुन्याची तबकडी फिरू लागली. आधी काहीच नाही. मग एक टिकटिक, मग खोल कुठेतरी गुरगुर, मग एक लांबलचक सुस्कारा.

गेर्बेन उठला. खिशातून छोटी पितळी चावी काढली. चाळीस वर्षं त्यानं सगळ्या तालुक्याच्या घरांत गरम पाण्याचे नळ आणि रेडिएटर बसवले होते. निवृत्त झाला तरी चावी खिशात होतीच. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गुडघे कुरकुरत जमिनीला टेकवून त्यानं आल्ट्येच्या रेडिएटरला कान लावला.

"हवा अडकलीये यात. आल्ट्ये, एक फडकं दे."

"गेर्बेन," वीप म्हणाली, "ती रेकॉर्ड आहे."

"कसली रेकॉर्ड? हे ऐकू येतंय की!" मग तो थांबला. कान रेडिएटरपासून काढून त्यानं प्लेअरकडे वळवला. "थांब जरा. हा मी ओळखतो."

"मेमच्या स्वयंपाकघरातला," रिन्स्के म्हणाली. "तू बसवलेला. चौऱ्याहत्तर साली."

"पंचाहत्तर." तो गुडघ्यांवरच ऐकत राहिला. सुस्कारा संपत आला, परत गुरगुरला. "डावीकडचा वॉल्व्ह मी बदलायला हवा होता. मेम म्हणायची, राहू दे, तेवढीच सोबत." त्यानं नाक ओढलं. "ह्याला काही नाव असतं का, असल्या गाण्याला?"

"गेर्बेन."

"हां, बोल."

"नाव आहे ते. गेर्बेन."

गेर्बेन उठला तो खुर्चीचे दोन्ही हात धरून, आणि बसला तेव्हा ताठ बसला. "परत लाव," तो म्हणाला.

"वाढदिवस माझा आहे," आल्ट्ये म्हणाली. "पुढे जाऊ दे."

पुढे बर्फ तडकलं, मग शिवणयंत्र धावलं, आणि त्याच्यावरून एक कोरडा आवाज आकडे वाचू लागला: "बासष्ट. चौसष्ट. बासष्ट. शिंक, एकोणऐंशी."

डर्क लाल झाला. "मावशी! ते अधिकृत काम होतं. तुमच्या शेजाऱ्यांची तक्रार होती!"

"हो रे. तू मोजत होतास, मी टेप लावून ठेवली होती."

"हे नियमात बसत नाही. मी लेखी हरकत घेऊ शकतो."

"घे. पण तुझा आवाज काय सुरेख आहे, डर्क. मी व्हिएन्नात गायकांना विचारून आले, असं सपाट कोणालाच जमलं नाही."

डर्कनं टाय नीट केला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "व्हिएन्नात कितीजणांना विचारलं?"

आता तीन ट्यूबा आल्या, चिखलात रुतलेल्या म्हशींसारख्या, आणि त्यांच्यावर स्वार होऊन वीप आली. फोनवर ठेवलेले बारा वर्षांचे निरोप रिन्स्केनं जपून ठेवले होते. "रिन्स्के, मी वीप, फोन करायची गरज नाही... रिन्स्के, मी वीप, काही विशेष नाही... रिन्स्के, मी वीप, आत्ताच आल्ट्येकडून आलो. केक म्हणजे ओली वीट गं. गेर्बेननं दोन खाल्ल्या, आता सोफ्यावर आडवा आहे..."

खोलीत ट्यूबा तेवढ्या बोलत होत्या. वीप डोळे मिटून बसली होती. गेर्बेनच्या ताटलीत दुसरा तुकडा होता. त्यानं तो हळूच मांडीआड सरकवला.

"ओली वीट?" आल्ट्ये म्हणाली.

"तो... ते ट्यूबामुळे तसं ऐकू येतंय," वीप म्हणाली.

"असं होय. वीप, अजून एक तुकडा घे."

"नको, पोट—"

"घे."

वीपनं घेतला. पहिला घास गिळून ती रिन्स्केकडे वळली, आणि मंगळवारचं वचन तिच्या चेहऱ्यावरून उडून गेलं होतं. "मी सही करणार नाही. सांगून ठेवते. बारा वर्षं माणूस आपुलकीनं फोन करतं, आणि तू माझी वाजंत्री केलीस!"

"वीप, त्यात कला आहे," गेर्बेन म्हणाला.

"बुधवारी तर म्हणत होतास, म्हातारीला छंद लागलाय!"

"बुधवारी मी ऐकलं नव्हतं."

रिन्स्केनं मनातल्या मनात पुन्हा बेरीज केली. गेर्बेन आला, डर्क निम्मा आला, वीप गेली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. विटेचं वाक्य कापते, असं ती सांगणार इतक्यात ट्यूबा थांबल्या आणि हाइत गाऊ लागले.

त्यांच्या गावच्या चर्चमध्ये ऑर्गन नव्हता. तिथे हाइत सूर धरायचे. ते पहिला सूर द्यायचे आणि गाव मागून गायचं. स्तोत्र जुन्या पद्धतीनं, एका अक्षराला एक श्वास. शेजारच्या गावची माणसं म्हणायची, तोल्स्मांचं स्तोत्र सुरू झालं की गाय पिळून परत यावं, पहिली ओळ चालूच असते. तो आवाज आता आल्ट्येच्या खोलीत येऊन उभा राहिला. रुंद, सावकाश, जरासा खरखरीत. मागे बादलीत दुधाची धार वाजत होती.

आल्ट्येचा कप बशीवर टेकला. "बंद कर."

रिन्स्केनं सुई उचलली.

"कुठून आणलंस हे?"

"मीच घेतलं. एकाहत्तरच्या वसंतात. हाइत गोठ्यात धार काढत होते. मी दाराबाहेर होते, यंत्र कोटाखाली."

"त्यांना न सांगता."

"न सांगता."

"रेडिओवाले आले होते दोनदा," आल्ट्ये म्हणाली. तिचा आवाज चढला नाही; चढला असता तर बरं झालं असतं. "हाइतनी त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. म्हणाले, गाणं देवापुढे असतं, यंत्रापुढे नाही. सगळ्या गावाला ठाऊक आहे. आणि तू त्यांच्याच गोठ्याबाहेर उभी राहून चोरलंस. आत का नाही गेलीस?"

"तुला माहितीये का नाही गेले."

माहीत सगळ्यांनाच होतं. संगीत शिकायला म्हणून रिन्स्के ज्या दिवशी घराबाहेर पडली, त्या दिवशी हाइत म्हणाले होते, तू करतेस त्याला आवाज म्हणतात, गाणं नाही. दोन वर्षं ती घरी फिरकली नव्हती. त्या दिवशी गोठ्यापर्यंत आली आणि तशीच बसनं परत गेली. शरद ऋतूत हाइत वारले.

"आल्ट्ये, जाऊ दे ना," गेर्बेन म्हणाला. "मेला माणूस. एक कडवं तर आहे."

"एक?" आल्ट्येनं बोट वर केलं. "तेही मला विचारायचंय. त्या स्तोत्राला तीन कडवी. बाकीची दोन कुठे?"

"कापली," रिन्स्के म्हणाली. "एका कडव्याला सात मिनिटं लागतात. जागा कुठून आणू? आणि तिसऱ्यात तर हाइत चुकलेतच."

हे वाक्य तिनं तोंडून कसं जाऊ दिलं, कोणास ठाऊक. गेर्बेननं छताकडे पाहिलं. वीपनं चघळणं थांबवलं.

"कोण चुकलं?" आल्ट्ये म्हणाली.

"हाइत. पहिला शब्द म्हटला आणि पुढचा विसरले. एकाच सुरावर अडकून बसलेत."

"हाइत चाळीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत."

"चुकले गं. पन्नासच्या वर वर्षं ऐकतेय मी ते."

"लाव."

"आत्ताच म्हणालीस, बंद—"

"लाव म्हणते ना! माझ्या घरात बसून हाइत चुकले म्हणतेस, मग दाखव कुठे चुकले ते. दोन कडवी आहेत का तुझ्याकडे?"

पूर्ण टेप रिन्स्केच्या फोनमध्ये होती, पण फोनचा आवाज अगदी बारीक. "रिकाम्या भांड्यात ठेवा," डर्क म्हणाला. "किमान सहा डेसिबल वाढतात." त्यानं स्वयंपाकघरातून चिनी मातीचं मोठं भांडं आणलं आणि खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवलं. तरी पुरेना. मग आधी आल्ट्येनंच आपली खुर्ची ओढली. पायांचे चार ओरखडे लाकडी जमिनीवर उठले. गेर्बेननं बायकोकडे पाहिलं आणि आपलीही ओढली. थोड्या वेळानं ती पाचही माणसं भांड्याभोवती डोकी जवळ आणून बसली होती, शेकोटीला बसावं तशी. रिन्स्केनं उजवा कान पुढे केला.

पहिलं कडवं. दुसरं कडवं. चौदा मिनिटं कोणी हललं नाही. गेर्बेनचं पोट एकदा बोललं तेवढंच. दुसरं संपलं, धार थांबली, बादली सरकली. तिसऱ्याचा पहिला सूर लागला.

आणि तिथेच राहिला.

"हे बघ," रिन्स्के कुजबुजली. "विसरले."

सूर तसाच. हाइतनी श्वास घेतला, पुन्हा तोच सूर. पुन्हा श्वास. पुन्हा तोच. मग अगदी जवळून, माइकला तोंड लागल्यासारखा, एक पातळ तरुण आवाज त्यात मिसळला, जरा खालीच लागलेला. लगेच म्हाताऱ्याचा आवाज हलला आणि दोघं मिळून पुढच्या शब्दावर गेले.

"ही कोण?" वीपनं विचारलं.

"मी," रिन्स्के म्हणाली. तिचे कान तापले होते. "ते अडकले म्हणून मला राहवेना. दारामागून शब्द पुरवला. सूर बघ कसला लागलाय. म्हणून तर कापलं."

दोन आवाज भांड्यात गात होते, एका अक्षराला एक श्वास. आल्ट्येनं भांड्याचा काठ धरून ओळ संपेपर्यंत ऐकलं.

"तू चर्चला येणं सोळाव्या वर्षी सोडलंस," शेवटी ती म्हणाली. "आणि यायचीस तेव्हा मागे बसून चाळे करायचीस. म्हणून तुला ठाऊक नाही."

"काय ठाऊक नाही?"

"उशिरा येणारे. लांबच्या शेतांवरची माणसं चिखलातून यायची, दाराशी थबकायची. मधेच आत यायला लाजायची. तेव्हा कडवं सुरू करताना हाइत दाराकडे बघायचे. कोणी उभं असलं तर पहिला सूर धरून ठेवायचे. तो माणूस आत येऊन बसेपर्यंत, त्याला पुस्तकात पान सापडेपर्यंत. त्यानं तोंड उघडलं की मग पुढे." तिनं भांड्याकडे बोट दाखवलं. "ते विसरलेले नाहीत. ते धरून उभे आहेत."

रिन्स्केला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं डोकं वळवून उजवा कान बहिणीकडे केला. "पण गोठ्यात तर कोणी नव्हतं."

"दारात होतं ना," आल्ट्ये म्हणाली.

"ते दार कुरकुरायचं," गेर्बेन म्हणाला. "कोणी टेकलं की लगेच."

रिन्स्केनं फोनकडे पाहिलं. पन्नास वर्षांत तिनं ती जागा शेकडो वेळा ऐकली होती, त्याहून जास्त वेळा कापली होती. दोन वेळा तर कात्रीनं, खऱ्याखुऱ्या.

"म्हणजे हाइतना माहीत होतं, रिन्स्के आहे," वीप सावकाश म्हणाली. "तसलं यंत्र कोटाखालीही घरघरतं, म्हणजे यंत्रासकट आहे. आणि तरी गायले. मग आल्ट्ये, चोरी कुठली राहिली?"

आपणच खणलेल्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून माणूस जसा खोली मोजतो, तसं आल्ट्येनं सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "तू गप्प बस," ती वीपला म्हणाली. "वीट खा." मग रिन्स्केकडे हात पुढे केला. "कुठे तो कागद?"

रिन्स्केनं पिशवीत हात घातला. कागद काढताना चारही बाहेर आले.

"पण अट आहे," आल्ट्ये म्हणाली. "तिन्ही कडवी. पूर्ण. स्तोत्र म्हणजे काही सॉसेज नाही, हवं तेवढं कापायला. आणि तू गायलेलं तसंच राहील. खाली लागलंय ते खालीच."

"तिन्ही म्हणजे एकवीस मिनिटं. एक अख्खी बाजू!"

"मग अख्खी."

"बाकीचे तुकडे एका बाजूला मावणार नाहीत, आल्ट्ये."

ताबडतोब गेर्बेन पुढे सरकला. "रेडिएटरला हात लावायचा नाही हं."

"आकडे फार जागा खात नाहीत," डर्क म्हणाला. "हवं तर शिंक काढा."

"आणि माझे बारा वर्षांचे फोन?" वीप म्हणाली.

"तू तर सही करणार नव्हतीस!"

"ते मगाशी. आता हाइत आहेत तर मी पण आहे."

रिन्स्केनं पेन घेतलं. नऊ तुकड्यांची यादी कागदामागे होतीच. तिनं बर्फ खोडलं. तीन हिवाळे ती त्या तळ्यावर पालथी पडून होती. काचेचे पेले खोडले. हातमोज्याचा चेलो खोडला, ज्यावर तिनं पाच वर्षं घालवली होती. खोडताना हात एकदाही थांबला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"हे सगळं तर तुझंच काढलंस," गेर्बेन म्हणाला. "मग रेकॉर्डवर तुझं नाव कशाला?"

"मी गायलेय ना त्यात," रिन्स्के म्हणाली. "खालच्या सुरात."

"विटेचं वाक्य काढू का?" मग तिनंच आल्ट्येला विचारलं.

"राहू दे. अँटवर्पच्या लोकांना कळू दे, माझ्या पाठीमागे कोण काय बोलतं ते."

तिघांनी भराभर सह्या केल्या. मग आल्ट्येनं चष्मा पुसला, कागद गुडघ्यावरच्या पुस्तकावर सरळ केला, पेन दोनदा झटकलं आणि पहिलं अक्षर काढलं. ते गोल, पूर्ण, सगळीकडून तपासून घेतलं. मान वर करून श्वास घेतला. मग दुसरं काढलं. गेर्बेननं काहीतरी बोलायला तोंड उघडलं तशी वीपनं त्याच्या मांडीवर हात दाबला. रिन्स्के उजवा कान बहिणीकडे करून पेनाची खरखर ऐकत बसली होती. तिला घाई नव्हती. तिसरं अक्षर आत्ता कुठे लागलं होतं, आणि सासरचं आणि माहेरचं, अशी दोन आडनावं अजून पुढे होती.